सोमवारचं तांबं

"सोमवार," डॉक्टर म्हणाले, आणि उचललेला घास त्यांनी परत ताटात ठेवला. "दर सोमवारी चढते. मंगळवारी थोडं उतरते, मग उतरतच जाते, अन् पुन्हा सोमवार आला की वर." सत्यभामा वरणाचा डाव घेऊन उभी होती. ते तिच्याशी बोलत नव्हते. हल्ली त्यांचं बोलणं असंच ताटाशी, भिंतीशी, बुटाच्या नाडीशी चालत असे. "ज्या गाईला तांब्याचा कण द्यायचा नाही, तिच्याच पोटात तांबं. आभाळातून पडलं का? केवळराम इतवारी दिघोरीला जाते, सोमवारी पहाटेच झिंगत येते, अन् हिची पुडी तिला चारते. दुसरं काय असणार आहे? मी आता त्याला ठेवत नाही." डाव तिच्या हातात कलला. वरण भातावर पडलं, भातावरून ताटाच्या काठाशी आलं, काठावरून खाली ओघळलं, तरी तिचा हात सरळ होईना. "अवं, पुरे! लक्ष कुठं आहे तुझं?" तिने फडकं आणलं, जमीन पुसली, ताटाची कड पुसली. ते जेवून उठले, हात धुऊन गेलेसुद्धा. ती मात्र त्या पुसलेल्या ओल्या जागेकडे पाहत बसून राहिली. सोमवार तिचा होता. बाकीचे वार घराचे, बाजाराचे, आल्यागेल्याचे. सोमवार तिचा आणि महादेवाचा. त्या वारात दुसऱ्या कुणाचा पाय पडलेला तिला कधी जाणवला नव्हता. आज तिथे केवळराम उभा होता, दारू प्यायलेला, हातात चुकीची पुडी घेऊन. आणि ती पुडी त्याच्या हातात शोभत नव्हती. का शोभत नव्हती ते तिला कळेना. छातीत मात्र काहीतरी बारीकसं सुटून गेलं होतं, वातीवरची काजळी सुटावी तसं.

भंडाऱ्याच्या बाहेर, नदीकडे उतरणाऱ्या रस्त्याला लागून ते गुरांचं सरकारी केंद्र होतं, आणि त्याच्या कुंपणातच डॉक्टरांचं क्वार्टर. स्वयंपाकघराच्या खिडकीतून गोठा दिसे आणि गोठ्याच्या एका टोकाला त्यांची प्रयोगाची खोली. माणसांना ते ढोरांचे डॉक्टर. पण नागपूरच्या कॉलेजातून पुढची पदवी घ्यायची म्हणून दिवाळीपासून त्यांनी हा प्रयोग मांडला होता. तीन भाकड गाई. त्यांच्या लेखी एक, दोन, तीन. गोठ्यावर कामाला असलेल्या केवळरामने त्यांना कपिला, चांदी आणि म्हातारी करून टाकलं होतं. धानाच्या तणशीवर जगणाऱ्या इकडच्या जनावरांना तांबं कमी पडतं. काळी गाय हळूहळू गंजल्यासारखी तांबूस होते, डोळ्यांभोवती चष्मा लावावा तसं पांढुरकं कडं उमटतं, वासरं मागच्या पायांत लटपटतात. तर किती मोरचूद, म्हणजे तांब्याचं मीठ, दिलं म्हणजे पोटातलं आंबवण नीट चालेल आणि किती दिलं म्हणजे ते विझेल, एवढंच त्यांना शोधायचं होतं. चांदीला थोडं, म्हातारीला जास्त, कपिलेला काहीच नाही. आणि पोटात काय चाललंय ते पाहायला तिघींच्याही डाव्या भकाळीला, बरगड्यांमागच्या खळग्यात, मूठ जाईल एवढं भोक पाडून त्यात रबरी बूच बसवलेलं. सत्यभामाने ते पहिल्यांदा पाहिलं ती थंडीची सकाळ होती. त्यांनी बाही खांद्यापर्यंत सारली, बूच काढलं, आणि जिवंत गाईच्या कुशीत कोपरापर्यंत हात घातला. भोकातून वाफ आली. शिळ्या आंबिलीचा, ओल्या गवताचा आंबूस वास आला. सत्यभामाने पदर तोंडावर धरला, डोळे मिटले, आणि मिटल्या डोळ्यांना ऐकू आलं ते हे, की गाय शांतपणे रवंथ करते आहे. कचर, कचर. जणू तो हात दुसऱ्याच कुणाच्या पोटात आहे. "भिऊ नको, तिला दुखत नाही," ते म्हणाले होते. तेव्हा ते तिच्याशी बोलत. "हे रांजण आहे. आत कोट्यवधी जीव आहेत, तेच तणीस आंबवतात, गाय त्यांच्यावर जगते. चिमूटभर तांबं मिळालं की तरतरतात, जास्त झालं की मरून जातात. तू म्हणतेस ना गाईच्या पोटात तेहतीस कोटी? हे बघ, हेच ते." तिला हसू आलं नव्हतं, पण राग पण आला नव्हता. ती घरी आली आणि देवापुढे बसल्यावर तिला वाटलं, चेष्टेत का होईना, त्यांच्या तोंडून खरं तेच निघालं. फक्त देवांना किती चिमटी पुरते हे माणसाने ठरवायचं, एवढंच तिला सोसलं नव्हतं.

आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला होता. वासरू झाल्यावर वार अडकलेली गाय सोडवून आले, आणि त्यानंतर महिन्याभरात सुरू झाला. चढे, अंगावरचं पांघरूण भिजवून उतरे, दोन दिवस माणूस बरा दिसे, आणि पुन्हा संध्याकाळ झाली की डोळे लाल. गुरांचाच ताप माणसाला लागतो म्हणाले नागपूरचे डॉक्टर, गोळ्या दिल्या. गोळ्या घेऊन उतरला, गोळ्या संपल्या तसा परत आला. सांधे धरले. रात्रीचा घाम पुसताना त्यांची छाती तिच्या हाताला दर खेपेला थोडी कमी लागे. तेव्हा पवनीहून तिची मावशी आली, गोदावरीबाई. एका पायाने लंगडती, पण बोलायला लागली की घरातली भांडीसुद्धा गप्प. "हा ताप असा जाणार नाही, बाई. हा ये-जा करणारा आहे, त्याले दारातच बसून अडवावं लागते. उठल्यापासून गोग्रास देईपर्यंत तोंडातून शब्द नाही काढायचा. गाईनं घास घेतल्याबिगर आपल्या पोटात अन्न नाही. गाय कपिला पाहिजे. अन् कोणासाठी करतेस ते त्याले सांगायचं नाही. सांगितलं का सुटलं." सत्यभामाने वसा घेतला; शेजारच्या गवळ्याने आपली कपिला विकेपर्यंत गोग्रास तिला जाई. नागपूरच्या डॉक्टरांनी गोळ्या बदलल्या. ताप गेला, आणि मग आला नाही. दिवाळीला गाई आल्या, आणि केंद्रातल्या सगळ्या जनावरांत कपिल रंगाची तेवढी ती एकच. त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "या तिघींना काही चारायचं नाही. पानसुद्धा नाही." ती "बरं" म्हणाली होती. तिला ते खोटं बोलल्यासारखं वाटलं नव्हतं. चारणं वेगळं, गोग्रास वेगळा. नैवेद्याने देवाचं पोट भरतं का? कणकेचा एवढासा गोळा. ते अंघोळीला जात तेव्हा ती मागच्या दाराने जाई, कपिलेच्या जिभेवर गोळा ठेवी, तिच्या कपाळाला हात लावून मनातल्या मनात एकच गोष्ट मागे, आणि परत येई. मग दिवसाचा पहिला शब्द बोले. तो बहुधा "पाणी काढलं" असा असे.

दुपार कलल्यावर ती मोरीवर भांडी घासायला बसली. आज मंगळवार, पूजेचं ताम्हण, पळी, पंचपात्री एवढंच. काल सोमवारी मात्र पहाटेच, गोग्रासाआधी, सगळं निघालं होतं: अभिषेकपात्र, दोन्ही तांबे, माहेरहून आलेलं घंगाळ, समया सोडून देवघरातलं होतं नव्हतं ते तांबं. मीठ लावलेली चिंच घेऊन तिने ताम्हणावर हात फिरवला, आणि काळवंडलेल्या तळातून गुलाबी रंग उघडा पडला. हे तिला लहानपणापासून आवडे. एक ओढ फिरली की भांडं डोळे उघडल्यासारखं पाही. तिने पुन्हा हात फिरवला. बोटांच्या फटींतून चिंचेचं पाणी मनगटाकडे ओघळलं आणि उन्हाच्या तिरपीत ते हिरवट दिसलं. भंडाऱ्याच्या कासारगल्लीत ताम्हणाचा पोचा काढायला ती गेली होती तेव्हा ठोकठोकीत ओरडून तो म्हातारा कासार म्हणाला होता, "घासून घासून पातळ झालं बाई, देवाचं भांडं कधी वजनाले पुरं उतरत नाही!" तेव्हा ती हसली होती. आता तिचा हात थांबला. भांडं पातळ होतं. म्हणजे त्यातलं काहीतरी निघतं. निघतं ते जातं कुठं? चोथा तिच्या मुठीत होता, काळपट, आंबट, ओला. देवाच्या भांड्याचा चोथा पायदळी जाऊ देत नाहीत. पवनीला मावशी तो तुळशीत टाके. इथे तिने तुळशीत टाकला तर तुळस खालून वाळत गेली. मग तिला सुचलं होतं, आणि सुचलं तेव्हा किती बरं वाटलं होतं: गोग्रासाच्या गोळ्यात मळून टाकावा. देवाचं गाईला. आणि कपिलेला तो भारी आवडला. खारट, आंबट. ती लांबूनच मान ताणून जीभ बाहेर काढू लागली. सोमवारी चोथा जास्त, म्हणून गोळाही मोठा. सोमवारी. सत्यभामाने मूठ उघडली नाही. तिला वाटलं, मूठ उघडली तर जे आत आहे ते खरं होईल.

सांगायचं म्हणजे एक वाक्य होतं. डॉक्टर येईतो तिने ते वाक्य तोंडात तयारही केलं. पण ते आले, बूट काढले, खाटेवर टेकले, आणि त्यांचा चेहरा दिव्याखाली इतका ओढलेला दिसला, की तिच्या मनात चोथ्याच्या जागी ताप उभा राहिला. चोथा सांगितला की गोळा सांगावा लागेल. गोळा सांगितला की ते विचारतील, कशाला? नको म्हटलेलं असताना रोज चोरून कशाला? आणि मग त्या प्रश्नाला एकच उत्तर होतं, आणि ते नेमकं त्यांनाच द्यायचं नव्हतं. सांगितलं का सुटलं. तिने त्यांच्या कपाळाला हात लावला. "काय झालं?" त्यांनी विचारलं. "काही नाही. ऊन लागल्यासारखं दिसता." कपाळ गार होतं. ते गार राहावं म्हणून एक माणूस घरी बसणार होता, हा हिशेब तिच्या मनात मांडला गेला, आणि तो मांडणारी आपणच हे कळून तिला स्वतःच्या हाताची किळस आली. तिने तो हात काढून घेतला आणि पदराला पुसला, जणू घाम होता.

दुसऱ्या दिवशी पहाटे तिने कणीक तेवढी मळली. चिंच नाही, मीठ नाही. कपिलेने मान ताणली, जीभ काढली, गोळा हुंगला आणि तोंड बाजूला केलं. सत्यभामाने गोळा पुन्हा नाकाशी नेला. गाईने फुंकर टाकली. तिच्या पापण्या लांब होत्या आणि त्यांच्याआड डोळ्यांत रुसवा होता, लहान पोराचा असतो तसा. ती वाट पाहत होती. बाई चुकली आहे, आता दुसरा गोळा काढील. अंघोळीच्या पाण्याचा आवाज थांबला तशी सत्यभामा परतली. त्या दिवशी ती जेवली नाही. गाईने घेतल्याबिगर नाही, असं ठरलेलंच होतं. चूल होती, भात होता, त्यांच्या ताटातली पोळी फुगत होती. ती वाढत राहिली आणि वासाने तिच्या जिभेच्या कडेला पाणी सुटत राहिलं. नुसती चिमूटभर चिंच लावली असती तर गाईने घास घेतला असता, वसा टिकला असता, ताप दारातच अडला असता. आणि प्रयोगाच्या खोलीतल्या बाटलीत केवळरामचा गुन्हा आणखी थोडा गडद झाला असता. चिंच डब्यात होती. डब्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. पण घरात कुठेही बसली तरी डबा कुठल्या बाजूला आहे ते तिच्या पाठीला कळत होतं.

दुपारी मागच्या दारी केवळराम आला. पन्नाशीचा, वाळका, मानेवर जुन्या जुवाचा असावा तसा घट्टा, टोपी हातात. "बाई." ती उंबऱ्याच्या आत उभी राहिली. "साहेबाले सांगा ना जी माह्यासाठी. मी पेतो, खोटं नाई सांगत. पण इतवारी पेतो. सोमवारी येतो तवा माह्या डोक्स्यात निस्तं पाणी रायते. लाल दोऱ्याची पुडी म्हातारीची, पांढऱ्या दोऱ्याची चांदीची, कपिलेले काईच नाई. ह्यात चुकाचं काय हाय? मी डोये मिटूनयी देऊ शकतो." "बसा ना, केवळरामभाऊ. पाणी घ्या." "पाणी नको. यंदा पक्कं करतो म्हणले होते साहेब. आता पक्कं तं सोडाच, हाकलूनच देऊन राहिले. घरी रुखमा इचारते, काय केलं तुमी? काय केलं ते मलेच माहीत नाई, तिले काय सांगू?" तो थोडा पुढे झाला, आणि आवाज खाली आणून म्हणाला, "अन् तुमी सकाळी कपिलेकडं येता, ते मी कोणाले बोललो नाई. बोलणारयी नाई. बाईमाणसाचा नेम हाय, आपण कायले मधात बोलाचं?" त्याला माहीत होतं. चोथ्याचं नाही, गोळ्याचं. आणि तो गोळा त्याने बाजूला काढून ठेवला होता, पुडीच्या हिशेबात धरलाच नव्हता, जसा तिने धरला नव्हता. "मी बोलते त्यांच्याशी," ती म्हणाली. "बोला, बाई. तुमचं आयकतील ते." तो टोपी घालून निघाला. पाच पावलांवर थांबून मागे वळला. "तुमचं तोंड काहून उतरलं? उपास हाय का?" "हो," ती म्हणाली. "माही आज्जी म्हणे, उपाशी माणसाचं देव पयले आयकते," केवळराम म्हणाला, आणि निघून गेला. त्याला ते धीर द्यायला म्हणायचं होतं.

ती बोलली नाही. पुढच्या पहाटे गाईने पुन्हा तोंड फिरवलं. पाण्यावर आणि दोन तुळशीच्या पानांवर दिवस काढताना तिला सगळं लांबून ऐकू येऊ लागलं. कुंपणापलीकडून जाणाऱ्या बैलगाडीच्या चाकाचा आवाज कानात शिरे आणि तिथेच फिरत राही. डोळे मिटले की त्यांचा हात दिसे, कोपरापर्यंत आत गेलेला, आत काहीतरी चाचपणारा. आधी तो गाईच्या कुशीत असे, मग तिच्या. इथे डाव्या बाजूला, बरगडीखाली. त्यांनी बूच काढलं असतं तर काय निघालं असतं? आंबट, हिरवट, सोमवारचं. इतके दिवस ती समजत होती की तिच्या आत मौन आहे. मौन म्हणजे स्वच्छ काहीतरी, देवघरातल्या पहाटेसारखं. आता तिला त्या मौनाचा वास येत होता. वसा मोडू नये म्हणून गप्प राहणारी बाई आणि लाज वाटते म्हणून गप्प राहणारी बाई, दोघींची तोंडं सारखीच मिटलेली. बाहेरून पाहणाऱ्याला काय कळणार? देवाला कळत असेल. तिला स्वतःलाच कळेनासं झालं, त्याचं काय करायचं?

संध्याकाळी ते आले ते मोकळे होऊन आले. कितीतरी दिवसांनी त्यांनी तिच्याकडे पाहून बोलायला सुरुवात केली. "झाला कबूल. केवळराम. हो साहेब, झाली चूक माही, म्हणाला. मी म्हटलंच होतं. आता त्या सगळ्या सोमवारांना फुली मारली की आकडे सरळ लागतात. वाचलो." तिने विचारलं, "कबूल झाला?" "मग! त्यानंच तर केलं. उद्या त्याचं ऑफिसला लिहून देतो." त्यांनी हसून तिच्या हनुवटीखाली बोट लावलं. "तू अशी वाळून का चालली? उपास तरी किती करशील?" केवळराम कबूल झाला होता. म्हणजे आता काही सांगायची गरजच नव्हती; सगळ्यांचंच भागत होतं. आकडे सरळ लागत होते, ताप दारात अडत होता, देवाघरचा वसा जागेवर होता, आणि एका माणसाने आपण होऊन मान पुढे केली होती. इतकं सोपं झालेलं पाहून तिला धडकी भरली. खड्ड्यावर कुणी चटई अंथरून ठेवावी आणि म्हणावं, ये, बस, तसं ते होतं.

पहाटे तिने कणीक मळली नाही. ताम्हण घेतलं, डब्यातली चिंच घेतली, मीठ घेतलं, आणि मोरीवर बसून घासलं. चोथा एका वाटीत गोळा केला, त्यावर त्याच हातांचं धुवण पिळलं. ते आज लवकर उठून खोलीकडे गेले होते. ती मागच्या नाही, पुढच्या दाराने निघाली. गोठ्यावरून जाताना कपिलेला वास लागला. तिने दावं ताणलं, जीभ काढली. सत्यभामा थांबली नाही. खोलीचं दार उघडं होतं. ते खुर्चीवर पाठमोरे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून. तोंड उघडलं तेव्हा तिच्या लक्षात आलं की या वेळेला आपला आवाज कसा असतो हे आपण विसरून गेलो आहोत.

"अहो," ती म्हणाली. आवाज चिरका निघाला.

ते दचकून वळले. वर्षभरात त्या प्रहराला त्यांनी तिचा शब्द ऐकला नव्हता. बायको पहाटे अबोल असते एवढंच त्यांनी धरून ठेवलेलं.

"तांबं मी दिलं. केवळरामभाऊंनी नाही." आणि मग तिने सगळं सांगितलं, गोळा, चोथा, सोमवार. ते आधी हसले. "चिंच? चिंचेनं काय होते?" तिने वाटी पुढे केली. हसू त्यांच्या ओठांवर होतं, पण हात वाटीकडे गेला. त्यांनी बोट बुडवलं, उजेडाकडे धरलं. मग एक लोखंडी खिळा काढला, कानशीने घासून लखलखीत केला आणि वाटीत उभा केला. "तांबं असलं तर लोखंडावर चढते." दोघं वाटीवर वाकून उभी राहिली. बाहेर गाईचं कचर कचर चालू होतं, बहुधा म्हातारीचं. त्यांनी खिळा उचलला. जितका बुडाला होता तितका भाग तांबूस झाला होता, कुंकवाचं बोट फिरवावं तसा. ते खिळ्याकडे पाहत राहिले. "हं," म्हणाले. एवढंच. तिने त्यांना रागावलेलं पाहिलं होतं, चिडलेलं पाहिलं होतं. असं नुसतं "हं" म्हणताना पाहिलं नव्हतं.

"दिवाळीपासूनचं काम," ते शेवटी म्हणाले. "पानसुद्धा देऊ नको म्हटलं होतं मी."

"हो."

"मग?"

हा तो प्रश्न होता. तिने वाटी टेबलावर ठेवली. "तुमच्या तापासाठी," ती म्हणाली, आणि म्हणताक्षणी आपल्या आत काहीतरी गळून पडेल म्हणून थांबली. काही पडलं नाही. पोटात भूक होती, तीच होती.

"ताप गोळ्यांनी गेला, सत्यभामा."

"गोळ्यांनी गेला असेल. आला नाही तो कशानं?"

त्यांनी दारात जाऊन केवळरामला हाक मारली. तो टोपी चाचपत आला, एकदा वाटीकडे, एकदा खिळ्याकडे, एकदा बाईंकडे बघून उभा राहिला. डॉक्टरांनी दोन वाक्यांत सांगितलं आणि मग त्यांचा आवाज चढला. "मग तू हो काहून म्हणलास? केलं नाही तर हो काहून म्हणलास?"

"तुमी थांबतच नव्हते जी," केवळराम म्हणाला. "रोज तेच इचारून राहिले, केलं का नाई, केलं का नाई. मले वाटे, एकडाव हो म्हणलं का साहेब थंड होतील. मंग रातभर पडून पडून मलेच वाटू लागलं, देलीच असन मी. पेणाऱ्याचा भरोसा त्यालेयी नसते." तो सत्यभामाकडे वळला. त्याचा आवाज चढला नाही, तो पडला. "पण बाई, माह्या पोटावर पाय आला तरी तुमच्या गोळ्याची गोठ मी काढली नाई. तुमाले ठावं होतं, अन् तुमी मले म्हणल्या, पाणी घ्या."

सत्यभामाने मान खाली घातली नाही. घालायची फार इच्छा झाली. पण तेवढी तरी सूट आपण घेऊ नये असं तिला वाटलं. "हो," ती म्हणाली. "मला ठाऊक होतं." केवळरामने मान हलवली, तिला की स्वतःलाच, आणि तणीस टाकायला निघून गेला. डॉक्टर खुर्चीवर बसले. "कपिलेचं पोट आधी रिकामं व्हावं लागेल. मग पुन्हा पहिल्यापासून," ते म्हणाले, पुन्हा भिंतीशी. मग वळून, तिच्याशी: "जाऊन जेव. तोंड बघ जरा आरशात." ती घरी आली. ताटात भात वाढून घेतला, पहिला घास तोंडात घातला आणि तो चावताना तिला रडू आलं, कारण तो फार गोड लागला.

दुसऱ्या पहाटे जाग आली तेव्हा त्यांचा श्वास ऐकत ती पडून राहिली. तळहात त्यांच्या कपाळाच्या वर धरला, टेकवला नाही. वसा सुटलेला होता. आता उठायचं कारण नव्हतं. ती उठली, कणीक मळली आणि गेली. कपिलेने हुंगलं आणि तोंड फिरवलं. "घे ना, माय," सत्यभामा मोठ्याने म्हणाली. गाईने कान हलवला. हात पुढे धरून तिचा खांदा भरून आला तेव्हा मागून केवळराम बोलला, तणशीची पेंढी न ठेवताच, तिच्याकडे न बघता: "मीठ लावा जरासं. साहेबालेच इचारलं मी. मीठ चालते म्हणते. पण तिघीलेयी सारखं, म्हणते." त्याने कोनाड्यातून मिठाचा खडा काढून तिच्या हातावर ठेवला. तिने खडा चुरला, गोळ्यात मळला, गोळ्याचे तीन वाटे केले. तिघींच्या जिभा एकामागून एक तिच्या तळव्यावरून फिरल्या. खरखरीत, ऊन, कसलीही घाई नसलेल्या. म्हातारीची सगळ्यांत जास्त वेळ. "ते हावरी हाय," केवळराम म्हणाला. आणि जरा थांबून, "पयल्यापासूनच."

ती परत निघाली आणि अर्ध्या वाटेवर थबकली. आज तिने काही मागितलंच नव्हतं. कपिलेच्या कपाळाला हात लावायचासुद्धा राहून गेला होता. मागे वळावं का? स्वयंपाकघराची खिडकी उघडली आणि त्यांनी विचारलं, "चहा टाकू का?" वर्षभरात या वेळेला त्यांनी तिला काही विचारलं नव्हतं. आवाज घोगरा होता. झोपेचा असेल. नुसता झोपेचा असेल. ती तशीच उभी राहिली, तळव्यावर तीन गाईंची लाळ वाळत होती.

"टाका," ती म्हणाली. आणि घराकडे चालू लागली.